बागबाजारची शेवटची कुपी

शकुन आठल्येच्या घरात "आज बागबाजारला जेवायला घालायचंय" हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जायचं, की नूपुर पहिलीत असताना तिनं वर्गात सांगून टाकलं, "आमची एक आजी बागबाजारला राहते आणि आई तिला डबा घेऊन जाते." पालकसभेत बाईंनी शकुनचं तोंड भरून कौतुक केलं. सासूची एवढी काळजी घेणारी सून हल्ली कुठे दिसते, वगैरे. शकुननं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर नवऱ्याला, चारुदत्तला, म्हणाली, "आता त्यांना कसं सांगू, की ही आजी प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीत राहते आणि ती कॅन्सरची गाठ आहे?"

चारुदत्त त्या दिवशी पोट धरून हसला होता. पुढे त्या बाटलीपायी त्याचं सगळं आयुष्य कोलकात्यात जाणार आहे, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

ते दोघं इथे आले ते त्याच्या बँकेच्या बदलीमुळे. बदली तीन वर्षांची होती, म्हणून सामानही तीन वर्षांचंच आणलं होतं. पाटा-वरवंटा आणि मोठी पातेली मिरजेला ठेवली. बालीगंजला फ्लॅट मिळाला. शकुननं पुण्यात रेणवीय जीवशास्त्रात डॉक्टरेट केली होती. कर्करोगावर काम करणाऱ्या एका संस्थेत तिला जागा मिळाली आणि पहिल्याच दिवशी तिथल्या विभागप्रमुखांची पंचाईत झाली. बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. अर्जावर नाव वाचणं वेगळं. चारचौघांत एका बाईला गिधाड म्हणून हाक मारायची त्या सभ्य गृहस्थांची जीभ रेटेना. ते नुसतेच "मिसेस... मिसेस..." करत राहिले. शेवटी शकुनच हसून म्हणाली, "सर, आठल्ये म्हणा." त्याची पुढे आठल्येदी, म्हणजे आठल्येताई, झाली आणि मग नुसतीच दी.

तिचा विषय चारुदत्तला समजायला वेळ लागला. तो कॉमर्सचा माणूस. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, वहिनी काय करतात, की तो "कॅन्सरवर संशोधन" एवढं सांगून आरतीच्या ताटाकडे वळायचा.

कोलकात्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात शकुनकडे शस्त्रक्रियेच्या खोलीतून बर्फात ठेवलेला एक तुकडा आला. चिंचोक्याएवढा. उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारकडे राहणाऱ्या एका बाईंच्या गालाच्या आतली गाठ काढली होती, त्यातला. बाईंना जर्दा-पानाची सवय. त्यांचं वय, भाग आणि आजार एवढंच शकुनला कळलं. नाव कळू नये असा नियमच असतो. बाईंनी तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवून घ्यायला संमती दिली होती.

शकुननं तो तुकडा पात्याने बारीक केला आणि पेशींच्या खाद्यात ठेवला. हे खाद्य पातळ कोकम सरबताच्या रंगाचं असतं. पेशींनी ते वापरलं की पिवळं पडू लागतं. पिवळं दिसलं की समजायचं, भुकेल्या आहेत. माणसाच्या शरीरात बेफाम वाढणारी गाठ बाहेर काढून ठेवली, की बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत मरून जाते. शकुनच्या हातून आधीच्या कितीतरी अशाच गेल्या होत्या. एका संध्याकाळी मात्र ती दारातूनच, चप्पल न काढता ओरडली, "धरलं!"

"काय? टॅक्सी?" चारुदत्त आतून म्हणाला.

"अरे, पेशींनी तळ धरलाय! चिकटल्यात त्या, वाढतायत!"

विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी साऱ्या विभागाला रसगुल्ले वाटले आणि शकुनला म्हणाले, "मराठे शहरात शिरू नयेत म्हणून आमच्या लोकांनी बागबाजारापासून खंदक खणला. काय उपयोग झाला? शेवटी एक मराठी बाई बागबाजारात शिरलीच."

असा तो पेशींचा नवा वाण जन्माला आला. कागदोपत्री त्याला आकडे आणि अक्षरं होती. घरी त्याचं नाव बागबाजार.

तीन वर्षं संपली आणि चारुदत्तची नागपूरला बदली झाली. त्यानं बांधाबांधीला खोकीसुद्धा आणली. शकुन खोक्यांकडे बघत म्हणाली, "तुझी बदली होते रे. त्यांची होत नाही."

"गोठवून नेता येतात ना? तूच म्हणाली होतीस."

"येतात. पण त्या या संस्थेच्या आहेत." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि मी त्यांची."

चारुदत्त एकटाच नागपूरला गेला, खानावळीचं जेवला, आणि पुढची बढती नको पण कोलकाता द्या, असा अर्ज करून परत आला. श्यामलाताई म्हणून मंडळातल्या एक जुन्या बाई होत्या. त्या शकुनला म्हणाल्या, "अगं, एकाच बाईच्या एका गाठीवर किती वर्षं बसणार आहेस? दुसरी घे की एखादी!" शकुन म्हणाली, "ताई, तुम्ही एकाच माणसाबरोबर चाळीस वर्षं बसलायत, तुम्हाला सगळा कळला का?" त्यावर श्यामलाताईंचे यजमानच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

शकुनचा प्रश्न एकच होता. औषधांनी गाठ जाते, सगळ्या तपासण्या स्वच्छ येतात, पेढे वाटले जातात. आणि मग काही वर्षांनी तीच गाठ परत येते. मधली वर्षं ती होती कुठे? बागबाजारच्या पेशींवर औषध घातलं, की बहुतेक मरत. पण मूठभर पेशी मरतही नसत आणि वाढतही नसत. दुकानाचं शटर ओढून आत बसून राहावं तशा निपचित पडत. औषध काढून घेतल्यावर कित्येक आठवड्यांनी एखादं शटर हळूच वर सरके. शकुननं हे पहिल्यांदा दाखवलं, छापलं. पुढे काही वर्षांनी ते शटर वर सरकवणारा रेणू कोणता, हेही तिनं छापलं. त्या दुसऱ्या लेखानं तिचं नाव झालं. पारितोषिक मिळालं, परदेशांतून बोलावणी आली.

पण सुट्टी अशी कधी मिळाली नाही. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य लागतं. दुर्गापूजेत सगळं शहर बंद, संस्थेला कुलूप, रस्ते माणसांनी तुंबलेले. शकुन मात्र अष्टमीला पहारेकऱ्याकडून दार उघडून घेणारच. चारुदत्त नूपुरला घेऊन फाटकाशी उभा राहायचा आणि फोन करून करून विचारायचा, "झालं का? चल ना घरी." "झालंच," असं तिकडून यायचं. त्या "झालंच"ला काही धरबंध नसे.

शकुनच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं बागबाजारच्या पेशी मागवल्या. हल्ली पेशी पाठवण्याआधी त्यांची ओळख पटवून द्यावी लागते. प्रत्येक माणसाच्या डीएनएमध्ये काही जागी तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ते किती वेळा येतात, हे माणसागणिक वेगळं असतं. पेशींमधले आकडे बाईंच्या जपून ठेवलेल्या रक्ताशी जुळवायचे, एवढंच काम. शकुनची विद्यार्थिनी सुदेष्णा हिनं ते केलं, आणि पडद्यावरच्या आलेखाचे उंचवटे बघून पुन्हा पहिल्यापासून केलं.

एकही जागा धड जुळत नव्हती.

बाटलीतल्या पेशी बागबाजारच्या बाईंच्या नव्हत्याच. तुलनेसाठी म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत एक जुना, दांडगा वाण ठेवलेला असतो. शकुनच्या प्रयोगशाळेतही होता. बाटलीत होत्या त्या या वाणाच्या पेशी. खाद्याची एकच बाटली दोन्हींसाठी उघडली गेली असेल, एखादा थेंब उडाला असेल. तेवढं पुरतं. शेतात गाजरगवताचं एक बी पडावं आणि पिकाला गिळून त्यानं रान व्यापावं, तसं झालं होतं. कधी झालं, कुणाच्या हातून झालं, हे कळायला मार्ग नव्हता. असेल एखादी घाईची अष्टमी, असेल एखादी साधी मंगळवारची दुपार.

सुदेष्णा रडू लागली. "दी, माझ्याच हातून झालं असणार."

"तुझ्या आधी कितीतरी हात लागलेत त्यांना," शकुन म्हणाली. "त्यातले दोन माझे आहेत. डोळे पूस."

आधी कधी तपासलं कसं नाही, असं चारुदत्तनं त्या संध्याकाळी विचारलं. शकुन चहाच्या कपाकडे बघत होती. "सुरुवातीला तशी पद्धत नव्हती. आणि पुढे... रोज ज्याला जेवायला घालतो, त्याला कोण म्हणतं, ओळखपत्र दाखव?"

मग ती उठली आणि संगणकासमोर बसली. ज्या नियतकालिकांनी तिचे लेख छापले होते, त्यांना ती लिहायला लागली, की माझ्या पेशी माझ्या नव्हत्या.

चारुदत्तनं आयुष्यभर बँकेत माणसं पाहिली होती. चूक सापडल्यावर माणूस पहिल्यांदा दार लोटून घेतो, हे त्याला पाठ होतं. तो म्हणाला, "अगं, थांब जरा. तुझ्या जुन्या गोठवलेल्या कुप्या आहेत ना? त्यांत काय निघतंय ते बघ. कदाचित सगळं नसेल बिघडलेलं. मग कळव, नीट, एकदाच."

"त्यांत काहीही निघो. छापलंय ते आज चूक आहे की नाही?"

"पण मार्चला तू निवृत्त होतेस, शकुन. सत्काराची बोलणी चाललीयत."

शकुन त्याच्याकडे वळली. आवाज अजिबात चढला नव्हता. "माझा लेख वाचून जगात कुठेतरी एखाद्या पोरीनं आज सकाळी प्रयोग मांडला असेल. तिचा आजचा दिवस फुकट गेला. उद्याचा कशाला घालवू?"

चारुदत्तनं तिचा गार झालेला कप उचलला. इतकी वर्षं ज्या बाईला तो फाटकाशी उभं राहून "चल ना घरी" म्हणत होता, ती किती उंच आहे, हे आपण कधी मान वर करून बघितलंच नाही, असं त्याला वाटलं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. शकुनची एक शिस्त होती. दर वर्षी थोड्या पेशी कुपीत भरून ती द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायची. अशा थंडीत पेशी मरत नाहीत आणि जगतही नाहीत. काळच थांबतो त्यांच्यासाठी. सुदेष्णानं एकेका वर्षाची कुपी काढून तपासली. अलीकडच्या सगळ्या बिघडलेल्या. मागे, आणखी मागे. ज्या लेखानं नाव झालं, ज्याला पारितोषिक मिळालं, तो लेख या परक्या पेशींवर उभा होता. तो गेला. त्याच्याही मागे गेल्यावर अगदी सुरुवातीच्या, पहिल्या लेखाच्या काळातल्या दोनच कुप्या उरल्या होत्या. बाकीच्या वापरून संपल्या होत्या.

पहिली उघडली. डीएनए रक्ताशी तंतोतंत जुळला. ही बागबाजारच होती! म्हणजे पहिला लेख, निपचित पडून राहणाऱ्या पेशींचा, खरा होता. सुदेष्णानं टाळ्या वाजवल्या. पण बशीतल्या पेशी तळाला चिकटल्या नाहीत. दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. त्या मेलेल्या होत्या.

चक्रीवादळाच्या वर्षी शहरभर झाडं पडून रस्ते बंद झाले होते आणि नायट्रोजनची गाडी संस्थेपर्यंत पोचली नव्हती. टाकीतली पातळी खाली गेली. वरच्या खणांतल्या कुप्यांना ऊब लागली असणार. ही कुपी वरच्या खणात होती.

दुसरी खालच्या खणात होती. तीही मेलेली निघाली, तर ती बाई, तिचा आजार आणि शकुनचा प्रश्न, तिन्ही कायमची संपणार होती. खरा होता तो लेखही मग कुणाला पडताळता आला नसता.

"ही आपण अष्टमीला उघडू," शकुन म्हणाली.

नूपुर पूजेसाठी बंगळुरूहून आली होती, ती दिवाळी करूनच जाणार होती. तिचं मराठी अर्धं बंगाली वळणाचं. ती वैतागून म्हणाली, "आई, अष्टमीला पण? देवीला फुलांची अंजली देणार नाही तू? सगळ्या मावश्या विचारणार, कुठे गेली!"

"सांग, बागबाजारच्या आजीला बरं नाहीये."

अष्टमी निवडण्याला कारण होतं. त्या दिवशी संस्थेत कुणी नसतं. शकुननं बाकीचे सगळे वाण आधीच गोठवून ठेवले होते, खोली पुसून घेतली होती, खाद्याची प्रत्येक बाटली नवी आणली होती. इतकी वर्षं पूजेच्या सुट्टीशी तिनं भांडण केलं. आता त्या सुट्टीचीच तिला गरज होती. त्या दिवशी त्या इमारतीत एकही परकी पेशी जागी नसणार होती.

चारुदत्तनं गाडी काढली, पण मंडपांमुळे रस्ता बंद होता, म्हणून बरंचसं चालतच गेले. सुदेष्णा आधीच आली होती. लाल काठांची पांढरी नवी साडी, वरून प्रयोगशाळेचा डगला. पहारेकरी चारुदत्तला म्हणाला, "आज आत चला, दादा. किती वर्षं फाटकावर उभे राहणार?"

चारुदत्त काचेच्या दाराबाहेर उभा राहिला. आत शकुननं टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ जमिनीवर ओसंडली. करंगळीएवढी कुपी तिनं चिमट्यानं उचलली आणि सुदेष्णासमोर धरली.

"तू कर."

सुदेष्णा मागे सरली. "दी, नको. ही शेवटची आहे. तुम्ही करा."

"मार्चनंतर कोण करणार आहे?"

"माझ्या हातून काही चुकलं तर?"

"चुकायला भिणारा हात जपून काम करतो. घे, वितळायला लागेल ती."

सुदेष्णानं कुपी घेतली. कोमट पाण्यात धरून हलवत राहिली. आत मसुरीच्या डाळीएवढा बर्फ उरला तेव्हा शकुन फक्त "हं" म्हणाली, आणि सुदेष्णानं पेशी उचलून खाद्यात सोडल्या. थेंबाथेंबानं. बाहेर कुठल्याशा मंडपातला ढाक, पूजेचा मोठा ढोल, वाजत होता. त्या तालाशी त्या हाताचा काही संबंध नव्हता. तो आपल्याच लयीत चालला होता. आपण श्वास रोखून धरलाय, हे चारुदत्तला काचेवरची वाफ विरल्यावर समजलं.

मग नुसती वाट बघणं. दशमीला मूर्ती विसर्जनाला निघाल्या तेव्हा बशीत मेलेल्या पेशीच तरंगत होत्या. कोजागरीला चारुदत्त दूध आटवत असताना शकुन म्हणाली, "काही चिकटल्यात. थोड्या. फार थोड्या." पण चिकटलेल्या पेशी वाढतीलच असं नाही, हे इतक्या वर्षांत त्यालाही कळू लागलं होतं. त्यानं केशर घातलं आणि पातेलं उतरवलं.

कालीपूजेच्या, म्हणजे इथल्या दिवाळीच्या, आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "येतोस? वर ये, फाटकाशी नको."

तो पोचला तेव्हा सुदेष्णा दारातच होती. हसत होती आणि डोळे भरलेले होते. "जुळलं, दादा. सगळ्या जागा जुळल्या." खाद्याच्या नव्या बाटलीवर तिनं ठळक बंगाली अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त बागबाजार'.

शकुननं त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. आधी त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. "डोळा जरा मागे घे," ती म्हणाली. आणि मग एकदम दिसलं. निवळ तळावर पसरलेल्या पेशी, काठाशी पातळ, मधे जाड, आंबोळीसारख्या. एकमेकींना खेटून बसलेल्या, जणू दुपारच्या गप्पांना जमलेल्या बायका.

"ही ती बाई?"

"तिचा आजार. ज्यानं तिला छळलं तोच."

"तिच्या घरच्यांना माहीत आहे?"

"नाही. मलाही तिचं नाव माहीत नाही. पुढे ती किती जगली, तेही नाही."

चारुदत्तनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बागबाजारच्या कुठल्याशा गल्लीत एका बाईनं एका सकाळी सही केली असेल, तोंडातलं दुखणं दाबत. ती कदाचित केव्हाच गेली असेल. आणि तिच्या गालातलं चिंचोक्याएवढं काहीतरी वादळातून, बर्फातून, कितीतरी हातांतून वाट काढून त्याच्या डोळ्यांपुढे जिवंत होतं. मारायला निघालेलं ते, आता माणसं वाचवायच्या कामाला लागलं होतं.

"तुझा तो मोठा लेख?" त्यानं हळूच विचारलं.

"मागे घेतला. गेल्या आठवड्यात जाहीर झालं." शकुन साधेपणानं म्हणाली. "शटर कोण वर करतं, ते आपल्याला माहीत नाही. पण शटर आहे, हे खरं आहे. आणि दुकान सापडलंय. आता सुदेष्णा शोधेल."

मग ती त्याच्या खांद्यावरून वाकली. "उजवीकडे बघ. एक गोल झालीय, चमकणारी. दिसली? ती आता दोन होणार."

त्याला दिसली. मण्यासारखी गोल, कडा लखलखीत. मधोमध अगदी पुसटशी खाच पडल्यासारखी वाटली. की भास होता? तो टक लावून बघत राहिला. मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं. खाच खोल होत होती. खरंच होत होती.

शकुननं पर्स खांद्याला लावली. "चल ना घरी. नूपुर चकल्या करत बसलीय, तेलाशी एकटी आहे."

"झालंच," चारुदत्त डोळा न काढता म्हणाला. "थांब जरा. अजून वेगळ्या व्हायच्यात."